खिशात जागा होणारा फोन

शनिवारी सकाळी मी आमच्या गावातल्या वाचनालयात दोन तास बसते. मोबाईलमध्ये ज्यांचं काही अडलंय त्यांनी यायचं, विचारायचं, एवढंच. गेल्या पावसाळ्यात एक काकू आल्या, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा आपोआप लागतो. ह्याला काय झालंय ते बघा."

झालं होतं असं. आदल्या आठवड्यात त्या सकाळीच मंडईत गेल्या होत्या. फोन कापडी पिशवीत, ओल्या मेथीच्या जुडीवर आडवा पडलेला. सातच्या सुमाराला पुण्यात त्यांच्या मुलीचा फोन वाजला. आईचं नाव बघून तिने लगेच उचलला. पलीकडे नुसती खरखर, लांबून कुणाचा तरी ओरडा, मग काहीच नाही. "आई, बोल ना गं" म्हणून तिने मिनिटभर हाका मारल्या, ठेवून परत लावला तर बिझी. पिशवीतल्या फोनने तोवर गॅसवाल्याचा नंबर लावला होता. अर्ध्या तासात शेजारी येऊन दाराचं कुलूप बघून गेले, मुलीने गावाकडच्या बसची चौकशी सुरू केली, आणि तेवढ्यात काकू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढून वर आल्या. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. "पोरीचा जीव टांगणीला लागला हो," म्हणाल्या.

फोन धडधाकट होता. तपासला तेव्हा तीन गोष्टी सापडल्या. काचेवर दोनदा टकटक केलं की स्क्रीन उजळत होती. कुलूप म्हणून फक्त बोट वर सरकवायचं होतं. पिन नाही, अंगठा नाही. आणि उघडल्या उघडल्या पहिल्याच स्क्रीनवर मुलीचा फोटो होता, त्याला हात लागला की थेट फोन लागायचा. ह्यातली एकही गोष्ट काकूंनी स्वतः ठरवून ठेवलेली नव्हती. एक फोनसोबत तशीच आली होती, दुसरी दुकानात राहून गेली होती, तिसरी भाच्याने सोय म्हणून करून दिली होती. तिन्ही एकत्र आल्या आणि ओल्या मेथीने फोन लावला.

ओली मेथी फोन कशी लावू शकते, हे आधी समजून घेऊ. आजच्या फोनची काच दाब ओळखत नाही. काचेखाली डोळ्यांना न दिसणारी, वीज वाहून नेणारी बारीक जाळी असते आणि तिच्यात सतत थोडा विद्युतभार असतो. आपलं शरीर विजेचं वाहक आहे. बोट टेकलं की त्या जागेवरचा भार किंचित बदलतो, आणि तेवढ्यावरून फोन ओळखतो की इथे बोट लागलं. म्हणून नुसत्या नखाने टकटक करून काही होत नाही, बोटाचं पेर टेकावं लागतं. आणि म्हणूनच खिशाचं अस्तर पातळ असेल, घामाने दमट झालं असेल, तर आतून मांडीचा स्पर्शही फोनला बोटासारखाच वाटतो. पावसाचे थेंब, ओला रुमाल, पाण्याने भरलेली पालेभाजी, सगळ्यांनी हीच फसगत होते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी जून ते सप्टेंबरमध्ये वाढतात, त्याचं कारण हेच.

बटणांच्या फोनला हा प्रश्न होता, पण त्याचं उत्तरही होतं. नोकियाचा साधा फोन आठवा. आधी स्क्रीनखालचं एक बटण, मग लगेच स्टार. दोन वेगळ्या जागी असलेली दोन बटणं, ठरलेल्या क्रमाने, थोड्या वेळात दाबायची. खिशातल्या किल्ल्यांना हे सहजासहजी जमत नाही. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्याला समोर एकच बटण होतं, बाकी सगळी काच. तिथेही तोच विचार दिसतो: बटण दाबून स्क्रीन उजळायची आणि मग एका ठरलेल्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे बोट ओढत न्यायचं. मध्येच बोट उचललं तर पट्टी परत जागेवर. एक मुद्दाम केलेली कृती, आणि तिच्यामागून तितकीच मुद्दाम केलेली दुसरी. पुढे अंगठ्याचा ठसा आला, चेहरा आला, उचलताच उजळणारी स्क्रीन आली. सगळं झटपट झालं, पण त्या दोन कृतींमधली पहिली हळूहळू गळून पडली.

म्हणून मी प्रत्येकाला आधी हे सांगते की फोन जागा होणं वेगळं आणि फोन उघडणं वेगळं. काळी स्क्रीन उजळली म्हणजे फोन जागा झाला. पिन, अंगठा किंवा चेहरा ओळखून आत जाऊ दिलं म्हणजे तो उघडला. बहुतेकांच्या फोनवर उलटी व्यवस्था असते. जागा तो कशानेही होतो, आणि उघडायला मात्र अंगठा चार चार वेळा घासावा लागतो. त्या त्रासाला कंटाळून माणूस कुलूपच काढून टाकतो, आणि मग फोन खिशात मोकाट सुटतो. माझा आग्रह असा आहे की जागं करणं थोडं मुद्दाम करावं लागेल असं ठेवा, आणि उघडणं तुमच्या बोटासाठी जितकं सोपं करता येईल तितकं करा.

जागं होण्याचे रस्ते बंद करताना

सेटिंग उघडलं की वरच्या बाजूला शोधायची जागा असते, भिंगाच्या खुणेची. तिथे इंग्रजीत 'वेक' टाईप करा. कंपनी कुठलीही असो, फोन जागा करण्याच्या बहुतेक सोयी एकाच यादीत समोर येतील. मेनूत खोल खोल शोधत बसण्यापेक्षा हे बरं, कारण दर नव्या अपडेटनंतर ह्या गोष्टींची जागा बदलत राहते.

पहिली सोय दोनदा टकटक करून स्क्रीन उजळण्याची. ही बंद करा. खिशातल्या हालचालीत दोन स्पर्श लागोपाठ होणं अगदी सहज घडतं. दुसरी, फोन उचलताच उजळण्याची. पिशवी उचलली, जिना चढलात, स्कूटर खड्ड्यात गेली की फोनला वाटतं आपल्याला उचललं. तीही बंद करा. सॅमसंगमध्ये ह्या दोन्ही 'ॲडव्हान्स्ड फीचर्स'मधल्या 'मोशन्स अँड जेश्चर्स'मध्ये सापडतील. आयफोनमध्ये उचलण्याची सोय 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस'मध्ये 'रेझ टू वेक' ह्या नावाने आहे आणि टकटक करण्याची 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'टच'खाली 'टॅप टू वेक' ह्या नावाने.

तिसऱ्या रस्त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. व्हॉट्सॲपचा मेसेज आला की स्क्रीन उजळते. सकाळी आठ ते नऊ ह्या वेळात, तीन-चार ग्रुपवर सुप्रभात सुरू असताना, फोन खिशात किती वेळा जागा होतो ह्याची कल्पना करा. आवाज बंद असला तरी स्क्रीन उजळतेच. ज्या फोनमध्ये सूचना आल्यावर स्क्रीन उजळण्याची सोय बंद करता येते तिथे ती करावी. नसेल तर निदान त्या ग्रुपच्या सूचना तरी बंद ठेवाव्यात.

एक अडचण मला वारंवार ऐकायला मिळते आणि ती खरी आहे. "बाजूचं बटण सैल झालंय, म्हणून तर मी टकटक करते." असं असेल तर टकटक ठेवा, पण मग पिन किंवा अंगठा असलाच पाहिजे, त्यात तडजोड नको. जमेल तेव्हा दुकानात जाऊन बटण दुरुस्त करून घ्या. काही फोनमध्ये स्क्रीन बंद असतानाही ठशाच्या जागेवर अंगठा टेकवून सरळ आत जाता येतं; तिथे बटणाची गरजच पडत नाही.

आता पॉकेट मोड. काही फोनवर हेच नाव, काहींवर 'ॲक्सिडेंटल टच प्रोटेक्शन', काहींवर 'मिसटच प्रिव्हेन्शन'. सॅमसंगमध्ये ते 'डिस्प्ले'मध्ये असतं. ही सोय चालू असली की फोन अंधारात, म्हणजे खिशात किंवा पिशवीत असताना स्पर्श मानत नाही. काही फोनवर तेव्हा 'वरचा भाग झाकू नका' अशा अर्थाची पाटी येते. ती पाहून फोन बिघडला म्हणून घाबरून आलेले दोघे-तिघे मला आठवतात. ती पाटी दिसली तर समजा की फोन त्याचं काम चोख करतोय.

पण ही सोय ज्याच्या जोरावर चालते तो एक छोटासा सेन्सर आहे, फोनच्या वरच्या टोकाला, ज्या जाळीतून आपल्याला पलीकडच्याचा आवाज ऐकू येतो तिच्या आसपास. समोर काही आलं आहे का, एवढंच तो पाहतो. फोन कानाला लावल्यावर स्क्रीन काळी होते ती ह्याच्यामुळेच. तो चालतोय का, हे घरच्या घरी पाहता येतं. कुणालाही फोन लावा, आणि बोलता बोलता फोनचं वरचं टोक तळहाताने झाका. स्क्रीन काळी झाली पाहिजे, हात काढताच उजळली पाहिजे. झाली नाही तर आधी वरून चिकटवलेली काच पाहा. स्वस्तातली टेम्पर्ड ग्लास कधीकधी त्या जागेवर कापलेली नसते, किंवा तिची काळी किनार नेमकी सेन्सरवर येते, किंवा कडेला तेल आणि धूळ बसून थर झालेला असतो. मऊ कापडाने पुसा. तरी होत नसेल तर ती काच काढून बघा. काकूंच्या फोनवर ती किनार अर्धा सेन्सर झाकून बसली होती.

ह्या सेन्सरवरूनच एक गोष्ट सुचते, जी मी पुरुषमंडळींना आवर्जून सांगते. आजचा फोन शर्टाच्या खिशात पूर्ण मावत नाही. सरळ ठेवला तर वरचा दोन बोटं भाग बाहेर डोकावतो, आणि सेन्सर असतो नेमका त्याच भागात. त्याला समोर उजेड दिसतो, त्याच्या मते फोन खिशात नाहीच, आणि खालचा भाग मात्र छातीच्या घामाला चिकटलेला. अशा वेळी पॉकेट मोड चालू असूनही काही उपयोग होत नाही. फोन उलटा ठेवा, डोकं खाली. सेन्सर खिशात जाईल आणि फोन झोपलेला राहील. शिवाय काच अंगाकडे न करता बाहेरच्या बाजूला करा. पँटच्या खिशात मात्र मी काच बाहेर करायला सांगत नाही, कारण टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली तर फुटेल. तिथे पॉकेट मोड आणि कुलूप ह्यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात, असले तर नावाला. मग फोन कमरेला खोचला जातो, ब्लाऊजमध्ये ठेवला जातो, पर्समध्ये कंगवा आणि किल्ल्यांच्या गर्दीत पडतो. कमरेला आणि ब्लाऊजमध्ये घाम लागतोच लागतो. गळ्यात अडकवायचा जाड कापडाचा पाऊच सगळ्यात चांगला. तो घरीही शिवता येतो, आत अस्तराचे दोन थर घेतले की झालं. झाकणाचं कव्हर वापरणार असाल तर ते मिटताच स्क्रीन बंद होते का ते घेतानाच पाहा. झाकणात लोहचुंबक आणि फोनमध्ये तो ओळखणारा सेन्सर, दोन्ही असावे लागतात. कित्येक स्वस्त फोनमध्ये तो सेन्सर नसतो. तरीही झाकण काच झाकतं, आणि काच झाकली की स्पर्शच पोचत नाही, हाही फायदा कमी नाही.

सॅमसंग वापरणाऱ्यांनी 'डिस्प्ले'मध्येच 'टच सेन्सिटिव्हिटी' नावाची खूण आहे का पाहावी. जाड काच चिकटवल्यावर स्पर्श नीट कळावा म्हणून ती असते. ती चालू ठेवली तर काच जास्त हळवी होते, खिशातल्या अस्तरापलीकडच्या मांडीलाही ओळखू लागते. गरज नसेल तर बंद बरी.

उघडणं सोपं कसं करायचं

कुलूप नको म्हणणाऱ्यांत ज्येष्ठ मंडळी जास्त, आणि त्यांचं एक कारण मला नेहमी आत कुठेतरी लागतं. "उद्या रस्त्यात चक्कर येऊन पडलो आणि फोनला कुलूप असलं, तर माझ्या घरी कळवणार कोण?" ह्या भीतीपायी कित्येकांनी फोन उघडा ठेवला आहे. त्याला चांगला उपाय आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' हा भाग असतो. तिथे तुमचं नाव, रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी आणि घरच्या दोन माणसांचे नंबर भरून ठेवा. फोनला कुलूप असतानाही, खालच्या 'इमर्जन्सी' ह्या शब्दावर बोट ठेवून ही माहिती कुणालाही पाहता येते. आयफोनमध्ये हेच काम 'हेल्थ' ॲपमधला 'मेडिकल आयडी' करतो. हे भरून झालं की स्वतः एकदा कुलूप लावून, तिऱ्हाईत माणसाच्या नजरेने ती माहिती उघडून बघा. वाचनालयात मी हे करून दाखवते तेव्हा चेहऱ्यावरचा ताण उतरताना स्पष्ट दिसतो, आणि मग कुलूप लावायला कुणी फारसं नाही म्हणत नाही.

कुलूप कुठलं? नुसतं बोट सरकवणं हे कुलूप नव्हेच, ती फक्त कडी आहे. नऊ ठिपक्यांचा पॅटर्न बऱ्याच जणांच्या हाताला बसलेला असतो. पण काचेवर बोटाच्या तेलाची रेघ राहते आणि तिरप्या उजेडात ती दिसते. २०१० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा डागांवरून पॅटर्न ओळखता येतो हे दाखवून दिलं होतं. चार आकडी पिनचे दहा हजार पर्याय होतात, सहा आकडीचे दहा लाख. मी सहा आकडी पिन आणि त्याच्या जोडीला अंगठा, असं सुचवते. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. आणि पिन कागदावर लिहून घरात एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, कारण फोन बंद करून पुन्हा चालू केला की अंगठा चालत नाही, पिनच लागतो.

अंगठा घेत नाही ही तक्रार मात्र मन लावून ऐकण्यासारखी आहे. आयुष्यभर भांडी घासलेल्या, खुरपं धरलेल्या, सिमेंट-चुन्यात काम केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून ज्यांना तिष्ठत उभं राहावं लागतं, त्यांनाच फोनही दारात उभं करतो. ठसा नोंदवताना घाई झाली तर हा त्रास दुप्पट होतो. मी असं करून घेते: आधी हात साबणाने धुवून कोरडे पुसायचे, थोडं खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं बसायचं, मग तेल पूर्ण पुसून टाकायचं. कोरड्या, भेगाळलेल्या बोटापेक्षा असं मऊ झालेलं बोट चांगलं उमटतं. नोंदवताना फोन टेबलावर ठेवायचा नाही, रोज जसा हातात धरता तसाच धरायचा. आपण कुलूप काढतो ते अंगठ्याच्या मधोमध भागाने नाही, बहुतेक वेळा कडेने. तर ती कडही नोंदवली गेली पाहिजे. मग तोच अंगठा दुसऱ्या नावाने पुन्हा एकदा नोंदवायचा. ही युक्ती फार उपयोगी पडते, कारण फोनकडे त्याच बोटाची दुप्पट माहिती जमा होते. शिवाय दुसऱ्या हाताची तर्जनी. एका हातात पिशवी असते तेव्हा ती कामाला येते.

ठशाची जागा बाजूच्या बटणातच असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. खिशातून फोन काढताना, नुसता धरतानाही, तळहात किंवा बोट त्या बटणाला लागतं. मग एक तर फोन नकळत उघडतो, नाहीतर चुकीच्या स्पर्शांची संख्या भरते आणि तो अंगठा घेणंच थांबवून पिन मागतो. माणूस म्हणतो, सकाळी चालत होता, आत्ता चालत नाही. रेडमीसारख्या काही फोनमध्ये ठसा नुसत्या स्पर्शाने ओळखायचा की बटण दाबल्यावर, असा पर्याय मिळतो. दाबल्यावर हा पर्याय निवडा.

उघडण्याइतकंच मिटणंही महत्त्वाचं. स्क्रीन ३० सेकंदांत बंद होऊ द्या, दहा मिनिटांनी नको. आणि बाजूचं बटण दाबताच कुलूप लागेल अशी खूण सेटिंगमध्ये असते, ती चालू आहे ना पाहा. फोन खिशात घालण्याआधी ते बटण दाबायची सवय लावून घ्या. दाराची कडी लावतो तशी. अँड्रॉइडमध्ये 'एक्स्टेंड अनलॉक' नावाची एक सोय आहे, पूर्वी तिला 'स्मार्ट लॉक' म्हणत. तिच्यातल्या 'ऑन-बॉडी डिटेक्शन'चा अर्थ असा की फोन अंगावर आहे, हलतोय, तोवर त्याला कुलूप लावायचं नाही. म्हणजे खिशात असताना उघडा! ती तुमच्याकडे चालू असेल तर आजच बंद करा.

राहिला तो तिसरा भाग, आत शिरल्यावर काय हाताला लागतं. पहिल्या स्क्रीनवरचे थेट फोन लावणारे फोटो दुसऱ्या पानावर न्या. कुलूप असतानाही वरून खाली ओढता येणारी पट्टी असते, जिच्यात टॉर्च, मोबाईल डेटा, फ्लाईट मोड असतात. खिशात फ्लाईट मोड लागला तर दिवसभर एकही फोन येत नाही आणि घरचे शोधत राहतात. ही पट्टी कुलूप असताना बंद ठेवण्याची सोय आयफोनमध्ये आहे, काही अँड्रॉइड फोनमध्येही आहे. कुलपाच्या स्क्रीनवरचं टॉर्चचं चिन्हही बदलून टाका. पर्समध्ये तासभर जळलेला टॉर्च बॅटरी संपवतो आणि फोन तापवतो. पैशाच्या बाबतीत यूपीआयचा पिन आडवा येतो, त्यामुळे खिशातून कुणाला पैसे जात नाहीत; पण यूपीआय लाईटमध्ये छोट्या रकमेला पिन लागत नाही, म्हणून ते वापरणाऱ्यांनी पैशांच्या ॲपला वेगळं कुलूप लावावं.

चुकून ११२ लागला तर

२०१६ मध्ये केंद्र सरकारने नियम केला आणि १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर संकटाचं बटण सक्तीचं झालं. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनवर पाच वेळा दाबल्यावर मदत मागवण्याची सोय आली. बायकामुलांच्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे. पण घट्ट खिशात, कमरपट्ट्यात, मोटरसायकलीवरच्या मोबाईल होल्डरच्या पकडीत तेच बटण दाबलं जातं. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये पोलिसांना जाहीरपणे सांगावं लागलं होतं की फोनमधल्या अशाच सोयीमुळे त्यांच्याकडे मुके फोन खूप वाढले आहेत.

म्हणून ही सोय बंद करा, असं मी सांगणार नाही. तिचं सेटिंग उघडून बघा. अनेक फोनमध्ये फोन लागण्याआधी उलटी मोजणी आणि मोठा आवाज ठेवता येतो, काहींत बोट सरकवून खात्री द्यावी लागते. असा पर्याय निवडा. होल्डरची पकड बटणावर येत असेल तर फोन वर-खाली सरकवून बसवा. आणि इतकं करूनही ११२ लागलाच, तर घाबरून कट करू नका. पलीकडे माणूस आहे. कट केलात तर त्याला कळत नाही की कुणी संकटात आहे की नाही, आणि तो परत फोन करत बसतो. शांतपणे सांगा, "चुकून लागला, मी सुखरूप आहे." तेवढ्याने त्याची ओळ दुसऱ्या कुणासाठी मोकळी होते.

ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी वेगळं थोडं. कंपवाताच्या माणसाला काचेवर एक बोट टेकवताना तीन वेळा टेकतं, आणि फोन तिन्ही स्पर्श मानतो. 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये स्पर्श किती वेळ टिकला तरच मानायचा, आणि लागोपाठचे स्पर्श सोडून द्यायचे, हे ठरवता येतं. आयफोनमध्ये त्याचं नाव 'टच अकॉमोडेशन्स', सॅमसंगमध्ये 'टॅप ड्युरेशन' आणि 'इग्नोर रिपीटेड टचेस'. सुरुवात अगदी थोड्या वेळापासून करा, पाव सेकंदासारखी, आणि त्या माणसाच्या हाताला बसेल तसं वाढवत न्या. स्वतःच्या हाताने ठरवून देऊ नका. त्याच्या हातात फोन द्या, त्यानेच एक नंबर लावून बघावा. मी एका आजोबांबरोबर असं बसले होते. चौथ्या प्रयत्नात त्यांनी नातीला स्वतः फोन लावला, तो क्षण मी विसरू शकत नाही.

बोलता बोलता गालाने फोन कट होतो किंवा आवाज बंद होतो, ह्याचं मूळ बहुतेकदा वर सांगितलेला सेन्सरच असतो. बाजूच्या बटणाने फोन कट होण्याची सोय चालू असेल, तर फोन कानाशी घट्ट धरतानाही तो तुटतो; अँड्रॉइडमध्ये ती 'ॲक्सेसिबिलिटी'त बंद करता येते, आयफोनमध्ये आयओएस १६ पासून. लहान मुलाच्या हातात फोन देताना, त्याला पाहायचं तेवढंच उघडं ठेवण्यासाठी अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग' आणि आयफोनमध्ये 'गाइडेड ॲक्सेस' आहे. पावसात ओल्या काचेवर बोट उगाच फिरवत बसू नका. बाजूचं बटण दाबून फोन बंद करा, कोरडा पुसा, मग उघडा. दुचाकीवरच्या प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये पाणी शिरलं असेल तर आधी पाऊच पुसा.

हे सगळं करून झाल्यावर एक चाचणी घ्या. बाजूचं बटण दाबून फोन खिशात किंवा पिशवीत, रोज ठेवता तसाच ठेवा. वरून, कापडावरून, तळहाताने दहा सेकंद चोळा, दाबा, थोपटा. मग खिशाची कड अलगद ओढून आत डोकावा. काच काळी असेल तर झालं. उजळलेली दिसली तर अजून एखादा रस्ता उघडा आहे. वर सांगितलेल्यांपैकी कुठला, ते एकेक बंद करत शोधा. सगळे एकदम बंद केले तर दोष कशात होता ते कळत नाही.

काकूंनी ही चाचणी वाचनालयातच केली, त्याच कापडी पिशवीत. आम्ही आत ओला रुमालही ठेवला. पहिल्यांदा स्क्रीन उजळली, कारण मी सूचना बंद करायला विसरले होते आणि तेवढ्यात भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणाचा तरी मेसेज आला. तो बंद केला. दुसऱ्यांदा पिशवीत अंधारच राहिला. मग त्यांनी फोन बाहेर काढला, पदराने पुसला, दोनदा नोंदवलेला उजवा अंगठा टेकवला. पहिल्याच फटक्यात उघडला. तिथल्या तिथे त्यांनी मुलीला फोन लावला आणि म्हणाल्या, "अगं, घाबरू नको, हा मीच लावलाय."